तेरा तास पन्नास मिनिटे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने मुलाला फोन लावला, तो बंद लागावा म्हणून.

मुलाचे विमान इकडच्या घड्याळाप्रमाणे रात्री पाऊण वाजता सुटायचे होते. म्हणजे तो हवेत असून सव्वापाच तास होऊन गेले होते, आणि हवेतल्या माणसाचा फोन लागत नाही. लागला नाही की तिच्या जिवाला बरे वाटणार होते. तिची रीतच तशी होती. सव्वीस वर्षे ती बस आगारात वाहतूक नियंत्रक होती. सुटलेली गाडी खरोखर सुटली याची खात्री झाल्याशिवाय तिचा हात पुढच्या ओळीवर जात नसे.

फोन वाजला. चौथ्या घंटीला मुलाने उचलला.

"आई? काय गं, एवढ्या सकाळी?"

त्याच्या मागे एक बाई ध्वनिक्षेपकावर काहीतरी सांगत होती. शब्द कळत नव्हते. चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखडत होत्या.

"तू अजून जमिनीवरच?"

"हो ना." तो जरा थांबला. "विमानच उशिरा आलं. आत्ता बसतोय. दार लावतायत बघ. ठेवू?"

"ठेव."

तिने समोरच्या वहीच्या शेवटच्या पानावर, सवयीने, ६.१० असा आकडा लिहिला. मग खिडकीची काच सरकवली आणि आठव्या गाडीच्या चालकाला त्याचा फेरीचा कागद दिला.

"काय काटेबाई, खूश दिसता. मुलगा निघाला वाटतं?"

"निघतोय. उशीर झालाय त्याच्या गाडीला."

"म्हणजे विमानवाले आमच्यासारखेच की. त्यांनाही मेमो द्या."

काटेबाई हे तिचे आडनाव नव्हते. घड्याळाच्या काट्यांवरून चालकांनीच ते पाडले होते, आणि नवा चालक पहिला महिनाभर ते आडनावच समजत असे. तिने कधी कुणाला दुरुस्त केले नाही.

दुपारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. पाच-साडेपाच तास उशीर धरला तर मुलगा रात्री आठच्या आत उतरत नव्हता. तिने निवांत कपडे वाळत घातले. दोन पस्तीसला फोन वाजला.

"आई, उतरलो. बॅग आली की निघतो. तासाभरात घरी."

तिच्या हातात चिमटा तसाच राहिला. मूळ वेळपत्रकाप्रमाणे विमान उतरायचे होते ते बरोबर दोन पस्तीसलाच.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळे होती. एक इथले. दुसरे मुलगा गेला त्या आठवड्यात तिने आणून लावले होते आणि साडेआठ तास मागे ठेवले होते, तो राहत होता त्या शहराच्या वेळेवर. तेरा महिने ती त्या दुसऱ्या घड्याळाकडे बघून मनाशी म्हणायची, आता उठला असेल, आता जेवला असेल. तिने दोन्ही घड्याळांकडे पाहिले आणि चिमटा दोरीला लावला.

तीन पन्नासला तो दारात उभा होता. वाळला होता, पण उभा राहायची ढब तीच, एक खांदा दाराला टेकवून. सून रुग्णालयातून पळत आली होती. ती तिथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करायची. पांढरा कोट अंगात तसाच होता आणि ती हसत होती, रडत होती आणि त्याच्या हातातली बॅगही ओढत होती.

"विमान उशिरा सुटलं म्हणालास ना?" आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हो. पण वाटेत भरून काढलं त्यांनी. पाठीमागून वारा होता म्हणे."

वाटेत भरून काढलं. हे वाक्य तिने काचेच्या खिडकीतून सव्वीस वर्षे ऐकले होते. ते म्हणणारे चालक नेहमी तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत असत, तिच्याकडे नाही. मुलगा तांब्याकडे बघत होता.

"बरं झालं," ती म्हणाली.

रीतसर संशय तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मुलगा अंघोळीला गेला होता आणि त्याचे मनगटी घड्याळ बाहेर बेसिनच्या फळीवर पडले होते. तिने ते उचलले नाही, फक्त वाकून पाहिले. इथे सात वाजून वीस मिनिटे झाली होती. दुसऱ्या शहरात रात्रीचे दहा पन्नास. मनगटी घड्याळ दाखवत होते तीन पन्नास.

ते ना इथले होते, ना तिथले. साडेतीन तास मागे, कुठलेतरी तिसरेच.

तो केस पुसत बाहेर आला. तिची नजर कुठे आहे ते त्याने पाहिले.

"मधे विमान बदललं ना, तिथे लावलं होतं. राहून गेलं." त्याने घड्याळ उचलून किल्ली ओढली आणि काटे फिरवले. "आता झालं बरोबर."

"मधे थांबलात? काल सांगितलं नाहीस."

"थोडा वेळच गं. तासभर."

ती चहा ओतायला वळली. तिला भांडायचे नव्हते. तिला फक्त हिशेब लावायचा होता, आणि तो लागत नव्हता. गाडी उशिरा सुटली, वाटेत तासभर थांबली, तरी ठरल्या वेळेला पोचली. अशी फेरी कुणी तिच्या खिडकीत आणून दिली असती तर तिने कागद परत सरकवला असता.

आगारात दुपारच्या गाड्या गेल्या की अर्धा तास मोकळा मिळे. तिने कपाटातून जुनी डायरी काढली. शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात दोन विमानतळांची नावे होती आणि खाली: ११,६४० किलोमीटर. १३ तास ५० मिनिटे. थेट. सहा महिन्यांपूर्वी तिकिटे छापणाऱ्या मुलीने तिला संगणकावर ते पान काढून दाखवले होते. दोन नावे घातली की अंतर येते आणि वेळ येतो. येता-जाता वाऱ्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, असे खाली बारीक अक्षरात होते. तिने तेही उतरवून घेतले होते. तेव्हा तिला वाटले होते की हे आपल्या धंद्यातलेच आहे, फक्त थांबे कमी.

मग तिने तेरा महिन्यांपूर्वीची तारीख उघडली. मुलगा पहिल्यांदा गेला तो दिवस. पानभर काही नव्हते, दोनच आकडे. सुटला ११.२०. पोचल्याचा फोन ७.५०.

साडेआठ तास.

आणि कालचे सहा दहा ते दोन पस्तीस. आठ तास पंचवीस मिनिटे.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. एक फेरी लवकर आली तर चूक असू शकते. दोन फेऱ्यांचा वेळ सारखा आला तर चूक नसते. गाडी धावते, रोजच्या रस्त्याने धावते. फक्त पाटीवर लिहिलेल्या शेवटच्या थांब्याला जात नाही.

हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. उशिरा येणाऱ्याकडे शंभर कारणे असतात. टायर, फाटक, मोर्चा, आजारी प्रवासी. लवकर येणाऱ्याकडे एकच असते, आणि ते तो सांगत नाही: त्याने गाडी अर्ध्यावरून वळवलेली असते. म्हणून आगाराने शेवटच्या थांब्यावर ठप्प्याची पेटी बसवली होती. चालकाने उतरून आपल्या कागदावर वेळेचा ठप्पा मारून आणायचा. मग चालकांनी त्यावरही तोड काढली. एकाने जायचे आणि दोघांचे कागद ठप्पा मारून आणायचे. पण एकाच मिनिटाला दोन गाड्या एकाच पेटीपाशी कशा, हे त्यांच्या डोक्यात येत नसे. ते तिच्या डोक्यात येई.

मुलाच्या पासपोर्टवरही ठप्पे असणार. बॅग सुनेच्या पलंगाखाली होती. पण दुसऱ्याची बॅग उघडणे तिच्या कामात कधीच बसले नव्हते. ती फक्त वेळ बघत आली होती.

"बाई, आज चहा थंड करून पिणार काय?"

खिडकीत उस्ताद होता. आगारातला सगळ्यात जुना चालक, निवृत्तीला चार महिने उरलेला. सगळे त्याला उस्तादच म्हणत.

"उस्ताद, तुम्हाला एक विचारू?"

"विचारा. पण मेमो आधी देऊ नका."

"तुम्ही सतरा नंबरची गाडी सातव्या थांब्यावरून वळवायचात. आठवतं?"

उस्तादने कोपर खिडकीच्या पट्टीवर टेकवले. "न आठवायला काय झालं. बावीस मिनिटं लवकर आलो होतो. तुम्ही तीन दिवस लागोपाठ लिहून ठेवलंत आणि चौथ्या दिवशी साहेबापुढे वही ठेवलीत. सहा महिने खाणीच्या रस्त्यावर गेलो मी."

"का वळवायचात?"

"आता विचारता? एकोणीस वर्षांनी?" तो हसला. त्याचा एक दात नव्हता. "बाप अंथरुणाला खिळला होता. सातव्या थांब्याच्या गल्लीत खोली होती आमची. दुपारचं जेवण भरवायला कुणी नव्हतं. शेवटच्या तीन थांब्यांना त्या वेळी माणूस नसायचं, म्हणून मी तेवढ्यात वीस मिनिटं काढायचो. चार घास घालून, तोंड पुसून यायचो."

"मला सांगितलं असतंत तर..."

"बाई, तुम्ही लिहिलंत ते बरोबरच होतं. मिनिटाचाही फरक नव्हता. फक्त विचारलं नव्हतंत." त्याने तिच्यासमोरचा चहा उचलला. "हा मी घेतो. तुम्ही काही पिणार नाही."

तो गेल्यावर तिने डायरी मिटली. सहा महिने खाणीच्या रस्त्यावर. त्या दुपारी त्याच्या बापाला कोण भरवत होते, हे विचारायचे तिला आजही सुचले नव्हते.

मुलगा आठ दिवसांसाठी आला होता. त्यातले सहा चांगले गेले. त्याने गळका नळ दुरुस्त केला, सुनेला घेऊन दोनदा फिरून आला, आईच्या गुडघ्यासाठी मलम आणले. विचारले तेवढेच बोलायचा. माल पाठवणाऱ्या एका कंपनीत आहे, टेबलाचे काम आहे, लोक बरे आहेत. व्हिडिओवर दिसायची तीच खोली आहे का, असे आईने विचारले तर म्हणाला, तीच. त्या खोलीचा पडदा तेरा महिन्यांत कधी उघडा दिसला नव्हता. बाहेर दिवस आहे की रात्र, हे म्हणून कधी कळले नव्हते.

पाचव्या दिवशी दोघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सून त्याचा सदरा हातात धरून उभी राहिली.

"आई, तिथे आता थंडी आहे ना?"

"म्हणतो तरी असं."

"मग मान बघितलीत त्याची? कॉलरच्या वर अगदी रापलीय. आत गोरा आहे."

"बघितली."

"टेबलाचं काम करणाऱ्याचे तळवे असे असतात?" सुनेने सदऱ्याची बाही सरळ केली, पुन्हा दुमडली, पुन्हा सरळ केली. "मी विचारलं. म्हणाला, व्यायामशाळेत जातो."

आईने टॉवेलची घडी घातली. तिच्या जिभेवर दोन आकडे होते. आठ पंचवीस आणि तेरा पन्नास. ते बोलून दाखवले की संसारात जे काय उरले होते ते त्या आकड्यांच्या मधल्या फटीत जाणार होते. बोलून दाखवले नाही तर सून सोमवारी राजीनामा देणार होती.

कारण पत्र लिहून तयार होते. रुग्णालयाचा नियम तीन महिने आधी कळवण्याचा होता. मुलगा वर्षभर सांगत होता की कागद झाले की तुला नेतो, आणि आता सून म्हणत होती की कागद होईपर्यंत इकडची मुदत तरी संपवून ठेवते. नऊ वर्षांची नोकरी होती. सोडलेली जागा परत मिळत नाही, हे तिला माहीत होते. सासूलाही माहीत होते.

"त्याला विचार," आई शेवटी म्हणाली. "माझ्यासमोर विचार."

सातव्या दिवशी जेवताना सुनेने विचारले. पत्र ताटाच्या बाजूला ठेवले होते, पाकिटात, वर रुग्णालयाचा पत्ता.

"देऊ ना सोमवारी?"

मुलगा घास चावत होता. "घाई काय आहे? कागद व्हायचेत अजून."

"गेल्या वेळी म्हणालास दोन महिने. त्याच्या आधी म्हणालास दोन महिने. तुझे दोन महिने काय रबराचे आहेत?"

"अगं, सरकारी काम आहे."

"म्हणून तर. मुदत आजपासून धरली तर तीन महिने इकडचेच जातात. देऊ का नको, एवढंच सांग."

तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवायला त्याला वेळ लागला.

"दे," तो म्हणाला. "द्यायचं तर दे."

सुनेचा चेहरा उजळला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, सुईतून रक्त काढताना रुग्णाकडे बघावे तशी.

आईने भाजीचे भांडे पुढे केले. "हिला एकटीला यावं लागेल ना रे? मी काही एवढ्या लांब सोडायला येणार नाही. किती तास लागतात?"

"तेरा-चौदा."

"तेरा तास पन्नास मिनिटं," ती म्हणाली. "थेट. अकरा हजार सहाशे चाळीस किलोमीटर. मी बघून ठेवलंय."

मुलाने मान वर केली. सात दिवसांत पहिल्यांदा त्याने आईकडे सरळ पाहिले, आणि मग तिच्या डोक्यावरच्या दोन घड्याळांकडे. पहिल्याकडे, दुसऱ्याकडे. ताटातला हात थांबला होता.

"हां," तो म्हणाला. "तेवढेच."

"वाढू अजून?"

"नको. पोट भरलं."

सुनेने पाकीट उचलले आणि कपाटाच्या खणात ठेवले. त्या शांततेत दोन्ही घड्याळे ऐकू येत होती, आणि त्यांची टिकटिक एकाच वेळी पडत नव्हती. हे तिला तेरा महिन्यांत पहिल्यांदा जाणवले.

आठव्या दिवशी तो निघाला. विमान सकाळी सहा पाचचे होते, म्हणून सगळे अंधारातच उठले होते. सून टॅक्सी बघायला खाली गेली. आई आणि मुलगा बॅगेपाशी उभे होते. तिला विचारायचे होते. उस्तादला न विचारलेले, सव्वीस वर्षांत कुणालाच न विचारलेले. तिने त्याच्या मनगटाकडे पाहिले. घड्याळ इथल्या वेळेवर होते, मिनिटालाही बरोबर.

"शेवटच्या थांब्यावर कोण असतं रे तुझ्याजवळ?"

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"असतात लोक."

"जेवायचं बघतं कोण?"

"आळीपाळीने करतो आम्ही. सहा जण आहोत."

व्हिडिओवर दिसायचा तो एकटा, एका पडद्यासमोर. सहा जणांचे तो आजवर बोलला नव्हता. त्याच्याही ते लक्षात आले असावे. तो वाकला, तिच्या पाया पडला, आणि उठताना तिचा हात थोडा जास्त वेळ धरून राहिला. तळवा दगडासारखा होता.

"पोचलास की फोन कर."

"करतो."

सहा पाचला विमान सुटले. तिने सात वाजता आगारातून त्याला फोन लावला. बंद लागला. निदान हवेत होता.

दिवसभर तिने गाड्या सोडल्या. साडेआठ तास म्हणजे दोन पस्तीस. त्या सुमाराला तिने फोन वहीवर उताणा ठेवला. दोन पस्तीस झाले, तीन झाले. फोन वाजला नाही. तिकिटे छापणारी मुलगी दोनदा डोकावून गेली. चार वाजता पाळी संपली, तरी ती पुढच्या नियंत्रकाच्या शेजारी स्टूल घेऊन बसली.

"घरी नाही जायचं, बाई?"

"जाते. एक गाडी यायचीय."

सहाला ती घरी गेली. सून आली होती. दोघींनी दिवे लावले, दोघींनी जेवण उघडून तसेच झाकून ठेवले. फोन टेबलावर मधोमध होता. दोघीही त्याच्याकडे बघत नसल्यासारखे करत होत्या.

सात पंचावन्नला फोन वाजला.

"आई, उतरलो."

"बरं."

"सगळं ठीक. काळजी करू नकोस."

"नाही करत. तिच्याशी बोल."

सून दोन मिनिटे बोलली, हो हो म्हणाली, जेवून घे म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने भिंतीकडे पाहिले.

"सहा पाच ते सात पंचावन्न," ती म्हणाली. "किती होतात?"

"तेरा तास पन्नास मिनिटं."

"बरोब्बर?"

"बरोब्बर."

सून खुर्चीत बसली. "आमच्याकडे मशीनवर असा आकडा आला ना, पुस्तकातल्यासारखा, तर आम्ही नमुना परत घेतो."

विमान उतरते, धावपट्टीवर रेंगाळते, दार उघडते, माणूस फोन चालू करतो. गाडी वेळेआधी येते, वेळेनंतर येते. मिनिटाला मिनिट मिळवून येते ती फक्त कागदावर. तसा कागद चालकाने आधी भरलेला असतो, किंवा कुठेतरी बाजूला गाडी उभी करून, घड्याळाकडे बघत, वाट पाहून भरलेला असतो. तो पाच-साडेपाच तास कुठे बसून होता, उन्हात की सावलीत, जेवला होता की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. एवढे मात्र कळत होते की ते पाच तास तो तिच्यासाठी बसला होता.

तिने पर्समधून डायरी काढली. सुटला ६.०५. पोचल्याचा फोन ७.५५. आगाराच्या वहीत याच्या पुढे शेऱ्याचा रकाना असे. तिथे ती वेळेवर, उशिरा किंवा लवकर, यातले एक लिहीत असे. सव्वीस वर्षांत तो रकाना तिने कधी कोरा सोडला नव्हता. इथे तिने पेनाचे टोपण पुन्हा लावले.

"आई," सून म्हणाली, "सोमवारी मी काय करू?"

"सोमवारला अजून दोन दिवस आहेत."

सोमवारी सकाळी सातला सुटायच्या गाडीला कागद देऊन झाल्यावर तिने फोन हातात घेतला आणि मुलाला संदेश लिहिला. तिला लिहायला वेळ लागतो. ती एका बोटाने लिहिते. उस्ताद खिडकीबाहेर गाडीला टेकून उभा होता, त्याने हाक मारली तर तिने हातानेच थांबा म्हटले.

पोचलास ते कळलं. आता तुझ्या हातातलं घड्याळ किती दाखवतं तेवढं कळव. भिंतीवरचं मी त्याप्रमाणे लावून घेते. बाकी काही विचारत नाही. जेवत जा.

तिने ते दोनदा वाचले आणि पाठवले. सात वाजून बारा मिनिटांनी.

त्याआधी, घरातून निघताना, तिने स्वयंपाकघरातले दुसरे घड्याळ खुंटीवरून उतरवून ठेवले होते. त्याचा सेल काढून बाजूला ठेवला होता. सुनेने ते पाहिले. पर्स उचलताना तिने कपाटाचा खण उघडला नाही.

सात अठराला संदेश वाचला गेल्याची खूण आली. दुपारी चारला पाळी संपवून ती घरी आली तेव्हा पाकीट खणातच होते, घड्याळ ओट्यावर उताणे होते, आणि उत्तर आलेले नव्हते.